साती आसरा : पाण्याकाठच्या शेजारणींचा शोध कुठवर आला?

‘एल्फ’ म्हटले की आता मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढेही उंच, देखणे, हजारो वर्षे जगणारे धनुर्धारी उभे राहतात. हे रूप जे. आर. आर. टॉल्किन यांच्या कादंबऱ्यांनी रुजवले आणि त्यांच्या मागून आलेल्या चित्रकारांनी, खेळांनी व चित्रपटांनी पक्के केले. उत्तर युरोपातल्या जुन्या समजुतीतले एल्फ मात्र इतके लांबचे नव्हते. माणसांच्या वस्तीला लागून राहणारी, बहुधा न दिसणारी, रागावली तर दुखणे लावणारी आणि मान राखला तर निमूट राहणारी ती एक शेजारी जमात होती. देवही नव्हे आणि भूतही नव्हे. या अर्थाने शोधले तर आपल्याकडेही अशी मंडळी पुष्कळ सापडतात. कोकण-गोव्यात सीमेवरचा देवचार आणि राखणदार आहे, पाण्याशी माणसाला चकवणारा गिऱ्हा आहे, पिंपळावरचा मुंजा आहे. पण जमावाने राहणाऱ्या, ठरावीक जागा धरून बसणाऱ्या आणि भीती व माया एकाच वेळी वागवणाऱ्या अशा साती आसराच. डोहाशी, विहिरीच्या कडेला, तळ्याच्या बांधावर शेंदूर माखलेले सात दगड ओळीने मांडलेले असले की ते ठाणे त्यांचे. हळदकुंकू, हिरवा खण, हिरव्या बांगड्या, नारळ आणि दहीभात एवढ्यावर त्यांचे भागते. मावळात यांनाच मावलाया म्हणतात.

या सात जणी कोण, हा प्रश्न शंभरावर वर्षे विचारला जातो आहे. त्याची जी उत्तरे मिळाली त्यांचा हा आढावा. मांडणी धाराशिव-लातूरकडच्या तेरणा नदीच्या खोऱ्यावरून केली आहे, आणि त्याला कारण आहे. तेरणा माकणीला निम्न तेरणा धरणात अडवली गेली, त्यानंतर याच टापूला १९९३ चा भूकंप झाला. गावे हलली, पात्र बदलले. ज्यांचे अस्तित्वच पाण्याच्या विशिष्ट जागेवर टेकलेले आहे अशा देवतांविषयीचे सिद्धान्त तपासून पाहायला याहून चांगली जागा महाराष्ट्रात क्वचितच मिळेल.

नोंदी कुणी केल्या, कुठे केल्या

पहिली मोठी नोंद इंग्रजी अमदानीतली. नाशिकचे कलेक्टर आणि संस्कृतचे जाणकार ए. एम. टी. जॅक्सन यांनी लोकसमजुतींविषयी प्रश्नावल्या तयार करून त्यांची उत्तरे मुख्यतः शाळामास्तरांकडून मागवली होती. २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. मागे राहिलेले कागद आर. ई. एन्थोवेन यांनी लावून छापले आणि पुढे १९२४ मध्ये मुंबई इलाख्याच्या लोकसमजुतींवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. आसरांची, जलदेवतांची, गिऱ्ह्याची, जखिणीची माहिती या साहित्यात भरपूर आहे आणि नंतरचा जवळपास प्रत्येक अभ्यासक तिच्यावर उभा आहे.

या पायाची एक मर्यादा मात्र डोळ्यांआड होते. प्रश्नावल्या मुंबई इलाख्यात फिरल्या. धाराशिव, तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा, सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तिथली समकालीन नोंद म्हणजे सय्यद सिराज-उल-हसन यांचा १९२० चा ग्रंथ. तो जातीजमातींच्या क्रमाने लिहिला आहे, त्यामुळे कोणती जात कोणता देव मानते हे त्यात कळते, कोणत्या डोहावर कोण बसले आहे हे कळत नाही. म्हणजे आसरांविषयीची आपली ‘महाराष्ट्रीय’ समजूत खरे तर पुणे, नाशिक, सातारा आणि कोकण यांच्यावर बेतलेली आहे. दुसरी मर्यादा माहिती देणाऱ्यांची. शाळामास्तर हे शिकलेले पुरुष. ओटी भरणाऱ्या बायका त्या कागदांत बोलत नाहीत. ही उणीव भरून काढायला बराच काळ लागला. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या संग्रहांतून, प्रभाकर मांडे यांनी मराठवाड्यातल्या कामातून, आणि गी पॉइतवँ व हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा करून ती काही अंशी भरली. तरी बेरीज केली तर तोल अजून पश्चिमेकडेच झुकतो. पुढचे वाद वाचताना हे लक्षात ठेवलेले बरे.

उगमाचे वाद

सर्वांत जुने उत्तर असे की आसरा म्हणजे अप्सराच. स्वर्गातल्या नर्तकी लोकमानसात उतरत उतरत विहिरीपर्यंत आल्या आणि त्यांचे नावही झिजले. नावाचे साम्य नाकारण्याचे कारण नाही. पण ‘उतरत आल्या’ हा भाग वैदिक पुराव्यापुढे टिकत नाही. अथर्ववेदाच्या चौथ्या कांडात अप्सरांना आणि गंधर्वांना पळवून लावण्याचे एक सूक्त आहे. त्यातल्या अप्सरा वड-पिंपळांवर आणि नदीकाठी असतात, माणसाला धरतात, आणि त्यांना नदीकडे परत जायला सांगितले जाते. शतपथ ब्राह्मणातली उर्वशीसुद्धा पुरूरव्याला पाणपक्ष्यांच्या रूपातल्या सख्यांबरोबर सरोवरात दिसते. म्हणजे पाण्याकाठची भीतिदायक स्त्री आधीची आणि इंद्राच्या दरबारातली नर्तकी नंतरची, असा क्रम जास्त संभवतो. वनपर्वातल्या यक्षप्रश्नाचीही तीच जात आहे. तळ्याचा कुणी धनी आहे, त्याला न विचारता पाणी पिणाऱ्या चार भावांना तो आडवे करतो आणि विचारपूस मानणाऱ्या पाचव्याला सोडतो. कथेच्या शेवटी तो यक्ष यमधर्म निघतो, पण तिची हाडे पाण्याच्या मालकाचीच आहेत.

दुसरे उत्तर सप्तमातृकांचे. ब्राह्मी, माहेश्वरी, कौमारी, वैष्णवी, वाराही, इंद्राणी, चामुंडा या सात जणींचे शिल्पपट वेरूळच्या १४ आणि २१ क्रमांकाच्या लेण्यांत आहेत. आसराही सात, त्याही लेकरांशी निगडित, त्याही कोपणाऱ्या. महाभारतात स्कंदाच्या जन्मकथेत येणाऱ्या मातृगणांना सोळा वर्षांपर्यंतच्या मुलांवर हक्क दिला आहे. आसरांची मुलांबाळांवरची दहशत याच्याशी जुळते. पण मातृकांना प्रत्येकीचे नाव आहे, वाहन आहे, पुरुषदेवाशी नाते आहे. आसरांना सहसा यांतले काही नाही. शिवाय आकड्याचा पुरावा वाटतो तितका भक्कम नाही. धाराशिव-लातूरकडे वेळा अमावास्येला, म्हणजे येळवशीला, शेतात कडब्याची कोप करून तिच्यात दगड मांडून पाच पांडव म्हणून पूजतात आणि भज्जी-आंबिलीचा नैवेद्य दाखवतात. पाच दगडांना पांडव हे नाव महाभारतातून मिळाले म्हणून ती पूजा महाभारतातून आली असे कुणी म्हणत नाही. ओळीतल्या दगडांना संख्येवरून नाव पडण्याची रीत इथे उघड दिसते. मग सात दगडांना मातृकांशी जोडणारा धागाही संख्येवरून नंतर विणलेला असू शकतो, ही शक्यता मोकळी ठेवावी लागते.

तिसरी मांडणी दामोदर धर्मानंद कोसंबी यांची. पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पायी तुडवून त्यांनी उघड्यावरची मातृदेवतांची ठाणी नोंदवली, त्यांच्या भोवती सापडणारी अश्मयुगीन सूक्ष्म हत्यारे गोळा केली आणि ही ठाणी नांगरशेतीच्याही आधीच्या भटक्या वाटांवर आहेत असे दाखवायचा प्रयत्न केला. ‘मिथ अँड रिअॅलिटी’ या १९६२ च्या ग्रंथात हे विवेचन आहे. मावळ या प्रदेशनामाचा मावलायांशी संबंधही त्यांनी जोडला. न घडवलेला दगड, पुजाऱ्याचा अभाव, रक्ताऐवजी शेंदूर, या खुणांचे याहून चांगले स्पष्टीकरण कुणी दिलेले नाही. आक्षेप पद्धतीवर येतो. हत्यारे आणि शेंदराचा दगड एकाच जागी सापडले म्हणून पूजा हत्यारांइतकी जुनी ठरत नाही. पाणी आणि चढाव यांच्या सोयीने माणूस हजारो वर्षे त्याच त्याच जागांवर येत राहतो. रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’त वेगळी वाट घेतली. हत्यारांऐवजी मूर्ती, वारूळ, स्थानिक नावे आणि ग्रंथ एकमेकांवर घासून त्यांनी भूमिदेवीचा माग काढला. त्या मागावर तेरणेकाठचे तेर महत्त्वाचे आहे, कारण शिरविरहित लज्जागौरीच्या छोट्या मूर्ती तिथे सापडल्या आहेत.

तेरचा उल्लेख निघाला की हस्तिदंती मूर्तीचा विषय टाळता येत नाही. प्राचीन तगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या व्यापारी गावात मिळालेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती १९३८ मध्ये पॉम्पेईत सापडलेल्या भारतीय मूर्तीशी तोलली जाते, आणि अनेक अभ्यासक तिला यक्षी म्हणतात. त्यावरून एक मोहक रेघ ओढता येते : सातवाहनकाळातली यक्षी, लोकांतली जखीण, शेजारी आसरा, सगळे एकाच खोऱ्यात. मला ही रेघ ओढायची घाई वाटते. हस्तिदंती मूर्ती ही नागर बाजारपेठेतली चैनीची वस्तू होती. डोहाकाठच्या दगडाशी तिचा संबंध आहे हे दाखवणारा मधला दुवा हाती नाही. मंगल यक्षीची भुताटकीतली जखीण झाली हे खरे. आसरांच्या बाबतीत तशी घसरण दिसत नाही. त्यांची ओटी आजही भरली जाते.

उरली दोन उत्तरे. एन्थोवेन यांच्या साहित्यात आसरा म्हणजे पाण्यात बुडून मेलेल्या किंवा जीव दिलेल्या बायका, असेही येते. हे स्पष्टीकरण अभ्यासकांपेक्षा गावकऱ्यांचे अधिक आहे आणि म्हणूनच हलके मानू नये. विहिरीने घेतलेल्या सुनांची आठवण गावाला कुठेतरी ठेवावी लागते. पण ठाण्यावर दगड सातच राहतात, बुडालेल्यांच्या संख्येने वाढत नाहीत. दुसरे उत्तर दक्षिणेकडे बोट दाखवते. तमिळनाडूत तळ्याकाठी दगडांच्या रूपात पूजल्या जाणाऱ्या सात कन्निमार, आंध्र-तेलंगणातल्या सात बहिणी यांच्याशी आसरांचे साम्य सप्तमातृकांपेक्षा जवळचे आहे. धाराशिवचा दक्षिण भाग कन्नड मुलखाला लागून असल्याने हा पट्टा या दोन परंपरांमधला दुवा ठरू शकतो. पण नोंदी नेमक्या इथेच विरळ आहेत. निजामाच्या सरहद्दीने केलेले ते नुकसान अजून भरून निघायचे आहे.

जागेचा दावा

ही सगळी उत्तरे एकमेकांना खोडत नाहीत. प्रत्येक उत्तर एकेक लक्षण समजावते. पाणी अप्सरांकडून, संख्या मातृकांकडून किंवा दक्षिणेकडून, न घडवलेला दगड कोसंबींकडून, कोप मेलेल्या बायकांकडून. तरी एक लक्षण सगळ्यांतून निसटते, आणि माझ्या मते तेच मुख्य आहे. आसरा कधी नुसत्या ‘आसरा’ नसतात. त्या या डोहाच्या असतात, त्या विहिरीच्या असतात. त्यांना चरित्र नाही, जागा आहे. दख्खनच्या नद्या उन्हाळ्यात आटतात आणि पाणी डोहांत उरते. धुणे, पोहणे, गुरे पाजणे आणि बुडून मरणेही त्याच चार-दोन ठिकाणी गोळा होते. जगणे आणि मरण इतक्या जवळ आलेल्या जागेशी माणसाने केलेला व्यवहार म्हणजे आसरा. त्या आधी जागा आहेत, मग देवता.

यावर पहिला आक्षेप असा की ही मांडणी देवतेला धोक्याच्या पाटीवर आणून ठेवते : पोरांनी खोल पाण्यात जाऊ नये म्हणून थोरांनी सांगितलेली भीती. पण तेवढेच असते तर आसरांनी फक्त बुडवले असते. त्या ताप देतात, मूल राहू देत नाहीत, नवस केला तर मूल देतातही. अॅन फेल्डहाउस यांनी ‘वॉटर अँड वुमनहुड’ या १९९५ च्या ग्रंथात महाराष्ट्रातल्या नद्यांचा स्त्रीरूप अर्थ तपासला. नदी इथे पापक्षालनापेक्षा अन्न, संतती आणि सवाष्णीचे क्षेम यांच्याशी अधिक जोडलेली आहे, असे त्यांना दिसले. त्या मायाळू नदीच्या पोटातच आसरांची धास्तीही वसते. ही दुहेरी बाजू पाटीच्या कल्पनेत मावत नाही. दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. काही घराण्यांत सात स्त्रीआकृती उठवलेला आसरांचा टाक देव्हाऱ्यात असतो. टाक हलवता येतो. मग जागेचे काय? यावर इतकेच म्हणता येते की टाक असूनही ओटी आणि नवस यांसाठी सहसा पाणवठाच गाठला जातो. घरातला टाक त्या ठाण्याची आठवण आहे, त्याला पर्याय नाही. पण जिथे पाणवठा सुटून पिढ्या झाल्या तिथे काय घडते, हे या उत्तराने सुटत नाही.

‘आसरांनी धरले’ या निदानावर वेगळाच वाद आहे, आणि तो ग्रंथांपेक्षा दवाखान्याशी जवळचा आहे. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीची भूमिका सरळ आहे. गर्भपात, झटके, उदासी यांना आसरांचे नाव दिले की उपचार लांबतो आणि मांत्रिकाचे फावते. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यामागे हा अनुभव होता. लोकसंस्कृतीच्या काही अभ्यासकांचे म्हणणे असे की अंगात येणे ही घुसमटलेल्या बाईला मिळालेली बोलण्याची एकमेव मुभा असते, आणि ‘धरले’ म्हटल्याने दोष तिच्या अंगावरून पाण्याकडे सरकतो. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे, कारण दोन्ही वेगवेगळ्या क्षणांविषयी बोलतात : पहिले तापाच्या रात्रीविषयी, दुसरे त्या रात्रीपर्यंतच्या वर्षांविषयी. आसरांची पूजा आणि आसरांचे निदान या गोष्टी वेगळ्या काढून बोलले तर वाद निम्मा होईल, असे मला वाटते.

एल्फांच्या अभ्यासाने घेतलेले वळण

युरोपातही एल्फांचा शोध उगमापासूनच सुरू झाला. याकोब ग्रिम यांनी १८३५ मध्ये जर्मन पुराणकथांवरचा ग्रंथ लिहिला तेव्हा विखुरलेल्या गोष्टींतून एक हरवलेला धर्म जोडून काढायचा त्यांचा हेतू होता. तेराव्या शतकातला आइसलंडी लेखक स्नोरी याने केलेली उजळ आणि काळ्या एल्फांची विभागणीही पुष्कळ काळ शब्दशः घेतली गेली. अलारिक हॉल यांनी २००७ च्या अभ्यासात प्रश्नच बदलला. एल्फ कुठून आले हे बाजूला ठेवून, प्राचीन इंग्लंडमधल्या वैद्यकीय पोथ्यांत एल्फांचे नाव कोणत्या दुखण्याला दिले जाते, कोणत्या माणसांच्या संदर्भात घेतले जाते, हे त्यांनी पाहिले. स्नोरीची ती विभागणी ख्रिस्ती देवदूत-सैतानांच्या छायेत घडली असावी हेही त्यातून पुढे आले. आसरांच्या अभ्यासाला हे वळण अजून पुरते मिळालेले नाही. फेल्डहाउस यांचा ग्रंथ त्याच्या सर्वांत जवळ जातो. जागेचा मुद्दाही तिकडे जिवंत आहे. आइसलंडमधल्या कोपावोगुर या गावी एल्फांचा म्हणून ओळखला जाणारा एक खडक आहे आणि रस्ता तिथे अरुंद होऊन त्याला वळसा घालतो.

आधुनिक अद्भुतकथेने नेमकी ही जागाच काढून घेतली. टॉल्किन यांच्या १९५४-५५ च्या महाकादंबरीतले एल्फ वंशावळी, भाषा आणि इतिहास घेऊन येतात आणि शेवटी जहाजांतून पश्चिमेला निघून जातात. शेजारी मंडळी परागंदा झाली, आणि त्यामुळेच ती जगभर कुठल्याही खेळात, कुठल्याही भाषेत रुळू शकली. मराठीत आसरांचे असे काही झालेले नाही. नारायण धारपांच्या भयकथा असोत की २०१८ चा हिंदी ‘तुंबाड’, कल्पकतेचा जोर नवी शक्ती घडवण्यावर आहे. ‘तुंबाड’मधला हस्तर तर नव्याने रचलेला देव आहे, त्याची पुराणकथाही नवी. याचे कारण असे दिसते की ज्यांची ओटी शेजारच्या विहिरीवर भरली जाते त्यांना कथेत हवे तसे वळवणे लेखकाला जड जाते. याला उलटा पुरावा शेजारीच आहे. २०२२ च्या कन्नड ‘कांतारा’ने तुळुनाडूतली जिवंत दैवे पडद्यावर आणली, २०२५ च्या मल्याळी ‘लोका’ने केरळची यक्षी नायिका केली. तेव्हा जिवंत श्रद्धा ही अडचण असेल, पण अडसर नाही. फरक असा की तुळू दैवांना पाड्डने या मौखिक काव्यांतून लांबलचक चरित्रे मिळालेली आहेत आणि यक्षीलाही गोष्ट आहे. आसरांना गोष्ट नाही, आणि गोष्टीवाचून पात्र उभे राहत नाही.

धरणानंतर

आता माकणीकडे. धरण झाले की नदीचे डोह जलाशयाच्या तळाशी जातात आणि खोल-उथळ यांचा जुना हिशेब पुसला जातो. त्यात ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारी-सास्तूर परिसराचा भूकंप. सुमारे दहा हजार माणसे गेली, पन्नासच्या आसपास गावे पूर्णपणे नव्या जागी वसवली गेली. जलाशयाच्या पाण्याने भूकंपाला हातभार लावला का, यावर भूशास्त्रज्ञांतच मतभेद झाले. पाण्याकडे कर्तेपण द्यायचे की नाही हा प्रश्न फक्त श्रद्धेचा नसतो, एवढे त्यावरून दिसते. आपल्या प्रश्नासाठी महत्त्वाचे हे की नव्या गावांत विहिरीऐवजी नळ आणि विंधनविहिरी आल्या. विंधनविहिरीला काठ नसतो, त्यात वाकून पाहता येत नाही, आणि तिच्यात कुणी बुडत नाही.

वर मांडलेले सिद्धान्त इथे वेगवेगळी भाकिते करतात. आसरा मूळच्या मातृदेवता असतील तर विस्थापित गावांनी दगड उचलून बरोबर नेले असतील, जसे मारुती आणि लक्ष्मीआई नेतात. त्या बुडालेल्या बायकांच्या स्मृती असतील तर जुनी ठाणी त्या घराण्यांपुरती उरतील आणि नवी होणार नाहीत. जागेचा दावा खरा असेल तर जुने दगड मागेच राहतील आणि नवी ओळ तिथे उभी राहील जिथे पाणी पुन्हा धोक्याचे झाले आहे : जलाशयाच्या उतारावर, कालव्याच्या पुलाशी, शेततळ्याच्या कडेला. तेरणेच्या दोन्ही काठांवरची ठाणी गाववार नकाशावर मांडून, दगड कधीचा, कुणी मांडला, ओटी कोण भरते एवढे विचारले तरी यांतले निदान एक उत्तर बाद होईल. शेततळ्यांचा मुद्दा यात विशेष तपासण्यासारखा आहे. प्लास्टिकचे अस्तर घातलेल्या त्या निसरड्या तळ्यांत मुले बुडतात, पण ती तळी खासगी मालकीची असतात, सगळ्या गावाचा पाणवठा नसतात. आसरांना धोका पुरतो की सामाईक वापरही लागतो, याचा निकाल तिथे लागू शकेल.